सुल्लाने खुर्ची सोडली म्हणून त्याला ओवाळायचं का?

तिरकस

परवा रोमराज्य यांनी सुल्लावर, म्हणजे इ.स.पू. पहिल्या शतकातल्या त्या रोमन सेनापतीवर, इथे लेख टाकला. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी सार: रोमचं प्रजासत्ताक झुंडींच्या हाती गेलं होतं, सुल्लाने ते धुऊन स्वच्छ केलं, कायदे घालून दिले आणि काम संपल्यावर आपण होऊन सत्ता सोडली, पुढच्यांनी घडी विस्कटली त्याला तो काय करणार. खाली नेहमीचे कौतुकाचे प्रतिसाद. "अप्रतिम", "असा माणूस लागतो", "लोकशाहीला अधूनमधून असा डोस हवाच". या शेवटच्याने माझं डोकं फिरलं. तिथेच लिहायला घेतलं, पण आवरेना, म्हणून वेगळा धागा. जिलबी (उगाच काढलेला धागा) म्हणायचं तर म्हणा.

इ.स.पू. ८८ मध्ये सुल्ला कॉन्सल होता, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेल्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक. पूर्वेकडचा राजा मिथ्रिडेटीस याच्यावरची मोहीम त्याच्या वाट्याला आली होती. सुल्पिसियस नावाच्या ट्रिब्यूनने (जनतेच्या प्रतिनिधीने) लोकसभेत, म्हणजे नागरिकांच्या सभेत, ठराव करून ती काढून घेतली आणि सत्तरीला टेकलेला जुना सेनापती मारियस याला दिली. अन्याय झाला, मान्य. मग याने काय केलं? नोलाच्या वेढ्यावर असलेलं सैन्य उठवलं आणि सहा लीजन (पलटणी) घेऊन थेट रोमवर चालून गेला. त्याआधी कुठल्याही रोमन सेनापतीने हे केलं नव्हतं. त्याच्याच वरिष्ठ अधिकाऱ्यांना ते इतकं अभद्र वाटलं की एक क्वेस्टर (खजिन्याचा अधिकारी) सोडला तर सगळे त्याला टाकून गेले. सैनिक मात्र त्याच्याबरोबर गेले, कारण पूर्वेची लूट मारियसच्या माणसांना मिळेल ही धास्ती.

हाच माणूस ८१ मध्ये कायदा करतो की प्रांताच्या सुभेदाराने फौज घेऊन आपल्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचं नाही. स्वतः भिंत फोडून घरात शिरायचं आणि मग दाराला भक्कम कुलूप लावायचं. भिंतीचं भोक सगळ्या गावाने पाहिलंय त्याचं काय? सीझरने ४९ मध्ये फौज घेऊन आपल्या हद्दीवरची रुबिकॉन नदी ओलांडली तेव्हा त्याला सुल्लाचा कायदा आठवला नसेल, सुल्लाचा रस्ता आठवला असेल.

आणि त्या "स्वच्छते"बद्दल. १ नोव्हेंबर ८२, पूर्वेहून परतलेल्या सुल्लाने रोमच्या वेशीवरची कोलाइन दरवाजाची लढाई जिंकली. त्यानंतर बेलोनाच्या मंदिरात सिनेटपुढे भाषण चालू असताना बाहेर काही हजार कैद्यांची कत्तल सुरू होती. किंकाळ्या आत ऐकू येत होत्या. हा म्हणाला, लक्ष देऊ नका, काही दुष्टांना समज दिली जाते आहे. मग मारायच्या माणसांच्या याद्या लागल्या. पहिल्या दिवशी ऐंशी नावं, मग दोनशे वीस, मग पुन्हा तेवढीच, हा ग्रीक चरित्रकार प्लुटार्कचा आकडा. डोकं आणून देणाऱ्याला दोन टॅलेंट चांदी. मेलेल्याची जमीन लिलावात, मुलांना आणि नातवांना सरकारी पदं बंद. क्विंटस ऑरेलियस म्हणून एक निरुपद्रवी गृहस्थ फोरममध्ये (रोमच्या मुख्य चौकात) यादी वाचत उभा होता. त्यात स्वतःचं नाव दिसलं तेव्हा म्हणाला, "मेलो! माझ्या आल्बाच्या मळ्याने दावा ठोकलाय माझ्यावर." चार पावलं गेला नाही तोच मारला गेला.

एवढं झाल्यावर "पण त्याने सत्ता सोडली हो" हे ऐकवू नका.

रोमराज्य

उत्तर द्यायचं नव्हतं. पण लेख माझा आणि त्याचं सार तुम्ही तुमच्या सोयीने काढलंत, म्हणून.

८८ ची सुरुवात तुम्ही ठरावापासून केलीत. ठरावाच्या आधी काय झालं ते गाळलंत. सुल्पिसियसची हत्यारबंद टोळी फोरममध्ये घुसली. दुसरा कॉन्सल पाँपेयस रूफस कसाबसा निसटला, पण त्याचा मुलगा तिथेच मारला गेला. तो सुल्लाचा जावई होता. स्वतः सुल्लाला जीव वाचवायला मारियसच्या घरात शिरावं लागलं. हा "लोकसभेचा ठराव"? अशा ठरावापुढे मान तुकवायला सांगणारे लोक मला नेहमी गंमतशीर वाटतात.

आणि याद्या. सुल्ला पूर्वेला गेल्यावर ८७ मध्ये मारियस आणि त्याचा साथी सिन्ना रोममध्ये शिरले. कॉन्सल ऑक्टेवियसचं मुंडकं फोरमच्या व्यासपीठावर टांगलं. ते कुठल्या यादीनुसार? यादीच नव्हती. रस्त्यात भेटलेल्याच्या नमस्काराला मारियसने उत्तर दिलं नाही की त्याला तिथेच कापायचं, ही पद्धत होती. सुल्लाकडे यादी आली कशी तेही प्लुटार्कमध्येच आहे: तरुण मेटेलसने भर सिनेटमध्ये विचारलं की ज्यांना मारायचं ठरलंय त्यांना वाचवा असं आम्ही म्हणत नाही, पण ज्यांना ठेवायचंय त्यांना निदान या टांगणीतून सोडवा. म्हणून नावं लागली. भयंकर होतं, नाही म्हणत नाही. पण मारियस दयाळू म्हातारा आणि सुल्ला राक्षस हा शाळकरी हिशोब झाला.

आता काम बघा. क्वेस्टर वीस केले आणि क्वेस्टर झालेला आपोआप सिनेटर. म्हणजे सिनेटमध्ये कोणाला घ्यायचं ही सेन्सॉरची (सदस्यांची यादी करणाऱ्या अधिकाऱ्याची) मर्जी संपली. प्रीटर (न्यायदान बघणारे अधिकारी) आठ केले. खून, विषप्रयोग, बनावट मृत्युपत्र, राजद्रोह, सुभेदारांची खंडणी, प्रत्येकाला वेगळं कायमस्वरूपी न्यायालय. त्याआधी अनेक गंभीर गुन्ह्यांचा खटला म्हणजे जमावापुढचं भाषण. खुनाबद्दलचा त्याचा कायदा सहाशे वर्षांनी सम्राट जस्टिनियनच्या संहितेत त्याच्याच नावाने येतो. सहाशे वर्षं! गरिबांना जमीन आणि धान्य देऊ पाहणाऱ्या तुमच्या लाडक्या ग्रॅकस बंधूंचं काय टिकलं?

तिरकस

ग्रॅकस माझे लाडके कधी झाले? धान्य स्वस्त दिलं म्हणून? ते वाटप सुल्लाने बंद केलं हे तुम्ही लेखात "आर्थिक शिस्त" म्हणून घातलंय. जप्त केलेल्या जमिनी कवडीमोलाने आपल्या मित्रांना विकणारा माणूस गरिबाच्या गव्हात शिस्त आणतो.

ॲमेरियाच्या रॉसियसचं प्रकरण काढू का? तेरा मळे, किंमत साठ लाख सेस्टर्स (रोमन नाणी). सुल्लाचा मुक्त केलेला गुलाम क्रायसोगोनस ते दोन हजारात घेतो. यादी बंद झाल्यावर म्हाताऱ्याचा खून होतो, मागाहून नाव यादीत घुसडतात आणि वर मुलावरच बापाच्या खुनाचा खटला. हा खटला चालला कुठे? तुमच्या त्या आदर्श न्यायालयातच.

रोमराज्य

आणि मुलगा सुटला त्याच न्यायालयात! ८० साल, सुल्ला जिवंत, सिसेरो पंचविशी ओलांडलेला नवखा वकील, भर कोर्टात क्रायसोगोनसचं नाव घेऊन बोलतोय, आणि ज्युरी सगळे सिनेटर. तरी सुटला. एका हुकूमशहाच्या राज्यात हे घडलं. धन्यवाद, माझंच उदाहरण दिलंत.

तिरकस

बरं. हा एक टोला बसला. सिसेरो त्यानंतर तब्येतीचं कारण सांगून ग्रीसला निघून गेला तेवढं जोडून वाचा.

नाना_निवृत्त

दोघेही मूळ मुद्दा सोडून भांडताय. सुल्लाचं खरं काम म्हणजे सेवाज्येष्ठता. क्वेस्टर तिसाव्या वर्षी, प्रीटर एकोणचाळीस, कॉन्सल बेचाळीस. पायरी गाळायची नाही. तेच पद पुन्हा हवं तर दहा वर्षं थांबा. याला म्हणतात प्रशासन.

मी ज्या खात्यात होतो (नाव नको) तिथे माझ्या हाताखाली लागलेला मुलगा माझ्या डोक्यावर बसला. कारण? "धडाडी". फाईलवर टिपणी धड लिहिता येत नव्हती. साहेबांच्या मुलीच्या लग्नात मांडव मात्र ह्याने घातला. ज्येष्ठता यादीवर हरकत घेतली तर मला सांगितलं, नाना, दोन वर्षं राहिलीत, कशाला. तेव्हा एखादा सुल्ला असता ना!

ओफेलाचं वाचा. प्रेनेस्टेचा वेढा जिंकून दिलेला सुल्लाचा स्वतःचा माणूस. क्वेस्टर नाही, प्रीटर नाही, थेट कॉन्सलपदाला उभा राहिला. सुल्लाने सांगितलं नको. ऐकलं नाही. भर फोरममध्ये उडवला. स्वतःच्या माणसालाही सवलत नाही.

चिंचोका

नाना, ज्येष्ठता यादीवर हरकत आणि भर फोरममध्ये उडवणं यांच्यामध्ये एखादी पायरी ठेवा की. तुम्हीच म्हणताय पायरी गाळायची नाही.

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय)

तिरकस

नाना, स्वतःच्या माणसाला सवलत नाही? पाँपीचं काय? (हा माणूस, गावाचं नाव पाँपेई, गोंधळ नको.) विशी-पंचविशीतलं पोर, एकही पद भूषवलेलं नाही, सिनेटरसुद्धा नाही. त्याला विजययात्रा हवी. सुल्ला आधी नाही म्हणाला. पोर म्हणालं, मावळत्यापेक्षा उगवत्या सूर्याला नमस्कार करणारे जास्त असतात. आणि सुल्लाने दिली! सत्तर साली हाच पाँपी पायऱ्या-बियऱ्या सगळ्या ओलांडून सरळ कॉन्सल झाला, आणि त्याने व दुसरा कॉन्सल क्रासस याने मिळून सुल्लाने काढून घेतलेले ट्रिब्यूनांचे अधिकार परत दिले. दोघेही सुल्लाच्याच तालमीतले. राज्यघटनेला जेमतेम अकरा वर्षं झाली होती.

मीनल_वि

मध्येच तोंड घालते. तुम्ही सगळे रोम शहरात अडकलाय. सुल्ला म्हणजे काय ते बघायचं तर पाँपेईत बघा.

आम्ही काही वर्षं इटलीत होतो, नवऱ्याची नोकरी. पाँपेईला गेलं की सगळे ज्वालामुखीवाले सांगाडे आणि भिंतीवरची चित्रं बघतात. उत्तरेच्या तटबंदीकडे कुणी फिरकत नाही. हर्क्युलेनियम दरवाजा आणि व्हिसुव्हियस दरवाजा यांच्या मधल्या भिंतीत दगडी गोळ्यांनी पडलेले वाटोळे खळगे आहेत, मूठ आत जाईल एवढे. ते इ.स.पू. ८९ मधले, सुल्लाच्या वेढ्याचे. गावातल्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर तिथल्या जुन्या ऑस्कन भाषेत रंगवलेल्या सूचना सापडल्यात, कुठल्या बुरुजांमध्ये कुणी जमायचं त्याच्या. रोमविरुद्ध उठलेल्या त्या लोकांची मागणी काय होती? रोमसाठी पिढ्यानपिढ्या लढलो, आम्हाला नागरिकत्व द्या. ते मिळालंही. आणि नऊ वर्षांनी तोच सुल्ला आपले निवृत्त सैनिक आणून त्यांच्या उरावर बसवतो. गावाचं नाव बदलतो: कोलोनिया कॉर्नेलिया वेनेरिया पाँपेयानोरुम. कॉर्नेलिया हे त्याचं कुलनाम, व्हीनस त्याची लाडकी देवी. जमीन गेली, सरकारदरबारातून ऑस्कन गेली, नगरपालिकेत नवे लोक.

आणि तिथलं अँफिथिएटर, ज्याच्यापुढे सगळे सेल्फी काढतात, ते या नव्या लोकांनी बांधलं. शिलालेख आहे: क्विंक्टियस वाल्गस आणि पोर्सियस यांनी स्वतःच्या पैशातून बांधून ही जागा वसाहतकऱ्यांना कायमची दिली. "स्वतःच्या पैशातून"! सिसेरो एका वाल्गसचा उल्लेख करतो, सुल्लाच्या कृपेने भरमसाट जमीन लाटलेला, आणि बहुतेक अभ्यासक तो हाच मानतात. दुसऱ्याच्या शेतावर बसून दानशूर व्हायचं. माझ्या माहेरी हे अगदी जवळून पाहिलंय, पण ते असो.

कोरडवाहू

ते असो का? सांगा की.

मी सहसा इथे लिहीत नाही, वाचतो. पण "दुसऱ्याच्या शेतावर बसून" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. आमचं गाव धरणात गेलं. आजोबांची नदीकाठची काळी जमीन होती, बुडाली. बदल्यात पाच तालुके पलीकडे लाभक्षेत्रात जमीन दिली, तीही बारा वर्षं भांडल्यावर. ती कुणाची तरी स्लॅबच्या (जमीन ठेवण्याच्या मर्यादेच्या) वरची काढून घेतलेली. आम्ही तिथे नांगर घातला त्या दिवशी मूळ मालक बांधावर येऊन उभा राहिला. काही बोलला नाही. पुढची सगळी वर्षं आम्ही त्या गावात "धरणवाले". सप्त्याला वर्गणी घ्यायचे, पंगतीला शेवटी बसवायचे.

सैनिकाने जमीन निवडली नव्हती. त्याला सांगितलं, इतकी वर्षं लढलास, ही घे. ती कोणाची होती हे ठरवणारा रोममध्ये बसला होता. तुमचा राग वाल्गसवर असेल तर ठीक. पण सगळे "वसाहतकरी" एका मापाने मोजू नका.

मीनल_वि

आता काढलंतच तर ऐका. आमच्या वडिलांची जमीन त्या स्लॅबमध्ये गेली. कालवा येणार म्हणून. कालवा आजतागायत आलेला नाही. सातबाऱ्यावर "पुनर्वसनासाठी राखीव" हा शेरा मात्र लगेच पडला. त्या शेऱ्यामुळे ना कर्ज ना विक्री. माझ्या लग्नाच्या वेळी वडिलांनी व्याजाने पैसे उचलले. तुमचे आजोबा बांधावर आलेल्या माणसाबद्दल तुम्हाला सांगत असतील. मी त्या बांधावर आलेल्या माणसाची मुलगी आहे, समजा. पंगतीत कुठे बसवलं याचं दुःख मला नका सांगू.

कोरडवाहू

म्हणजे चूक आमची? गाव बुडवून घेतलं ते आम्ही हौसेने?

मीनल_वि

चूक तुमची असं कुठे म्हटलं? पण ज्याच्या नावावर सातबारा झाला त्याने "मी निवडलं नव्हतं" म्हणणं फार सोपं असतं. सुल्लाचे सैनिकही हेच म्हणत असतील. तलवार मात्र त्यांच्याकडेच होती.

कोरडवाहू

आमच्याकडे तलवार नव्हती ताई. भूसंपादन अधिकाऱ्याच्या कचेरीबाहेर आमची आजी तीन दिवस बसली होती, भाकरी बांधून. तुलना करताना जरा भान ठेवा.

चिंचोका

मी पॉपकॉर्न खाली ठेवले आहेत.

नाना_निवृत्त

भूसंपादनात होतो मी काही काळ. दोघांचंही खरं आहे. शेरा मारणं एका सहीचं काम, काढायला सतरा सह्या. एवढंच बोलतो.

तिरकस

मीनल, कोरडवाहू, तुम्ही दोघं भांडताय ते भांडण इटलीत शब्दशः झालं, आणि फार दिवस थांबावं लागलं नाही. सुल्ला ७८ मध्ये मेला. त्याच वर्षी फेसुलीत, म्हणजे फ्लॉरेन्सच्या वरच्या डोंगरावर, जमिनी गेलेले लोक उठले आणि सैनिकांच्या वाड्यांवर चालून गेले. कॉन्सल लेपिडस त्यांचा पुढारी झाला, फौज जमवून रोमवर आला. पाँपेईतही जुने आणि नवे यांचं भांडण कित्येक वर्षं मिटलं नाही. ६२ मध्ये सिसेरो एका खटल्यात त्याचा उल्लेख करतो. फिरायच्या जागेवरून आणि मतदानावरून वाद. फिरायच्या जागेवरून! पंगतीत कुठे बसवलं हा मुद्दा मला तरी क्षुल्लक वाटत नाही.

आणि खरी मजा पुढे. ६३ मध्ये रोमची सत्ता उलथू पाहणाऱ्या कॅटिलिनाच्या कटाचा तळ कुठे पडला? त्याच फेसुलीत. त्यात कोण होतं? जमीन गेलेले तर होतेच, पण जमीन मिळालेले सुल्लाचे सैनिकही होते. कर्जात बुडालेले. सतरा-अठरा वर्षांत दोघेही कफल्लक. बांधाच्या दोन्ही बाजूंचे एकाच छावणीत.

रोमराज्य

सैनिक कर्जात का बुडाले ते सिसेरोने सांगितलंय. लायकीपेक्षा मोठे वाडे, नोकरचाकर, मेजवान्या. त्याचा दोष सुल्लाला? उलट त्याने काळजी घेतली होती. वाटलेली जमीन विकता येणार नाही असा कायदा होता.

कोरडवाहू

साहेब, हे सिसेरोचं ऐकून तहसीलदार आठवला. "तुम्हा लोकांना पैसा टिकवता येत नाही."

जमीन कुठली दिली ते कुणी बघतं का? आजोबांना काळ्या मातीत ज्वारी करायची सवय, दिलं मुरमाड माळरान. सैनिक वर्षानुवर्षं परमुलुखात, त्याला नांगर आठवत तरी असेल का? गुरं नाहीत, अवजारं नाहीत, शेजारी पाण्याचा पाट दाखवत नाही. आणि विकता येणार नाही म्हणजे काय होतं तेही सांगतो. आमच्या जमिनी भोगवटादार वर्ग दोन. परवानगीशिवाय विक्री नाही. म्हणून काय विकल्या गेल्या नाहीत? साध्या कागदावर इसार, कब्जा सावकाराचा, नाव आमचं. किंमत निम्मी, कारण व्यवहार बेकायदा. बंदीने जमीन वाचत नाही, भाव पडतो.

तिरकस

कोरडवाहू, हे फार नेमकं आहे. प्रेनेस्टेची जमीन सुल्लाने सैनिकांना वाटली. सिसेरो ६३ मध्ये सांगतो की ती आता मूठभर लोकांच्या हातात आहे. कायद्याने विकता येत नसताना. कशी गेली असेल ते तुमच्या या परिच्छेदावरून कळतं.

मीनल_वि

मुरमाड माळरान हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे समज असा की चांगली जमीन काढून तुम्हाला दिली. आमची चांगली होती, ती कुणालाच दिली नाही, नुसती अडवली. असो. तलवारीचं वाक्य मागे घेत नाही, पण ते तुमच्या आजीला उद्देशून नव्हतं.

कोरडवाहू

ठीक. आजी असती तर तुम्हाला चहा पाजला असता आणि शिव्याही दिल्या असत्या.

संपादक मंडळ

धागा प्राचीन रोमवर आहे. सातबाऱ्यावर वेगळा धागा काढावा ही विनंती.

चिंचोका

संपादकांनीही पायरी गाळली. आधी समज, मग विनंती असते.

रोमराज्य

मूळ विषयावर येतो. तिरकस यांनी एका गोष्टीला अजून हात घातलेला नाही. माणूस अमर्याद मुदतीचा डिक्टेटर होता. जुना डिक्टेटर जास्तीत जास्त सहा महिन्यांचा, याच्यावर मुदतच नाही. शत्रू संपलेले, फौज निष्ठावान. तरी ७९ मध्ये तो अंगरक्षकांशिवाय फोरममध्ये फिरत होता आणि म्हणत होता, कुणाला हिशोब हवा असेल तर विचारा. एक पोरगा घरापर्यंत शिव्या देत मागे लागला. याने काही केलं नाही. एवढंच म्हणाला की या पोरामुळे पुढचा कुणी अशी सत्ता सोडणार नाही. सीझरने पुढे टवाळी केली की सुल्लाला राजकारणाचं ग म भ न येत नव्हतं. ज्याला येत होतं त्या सीझरचं काय झालं?

तिरकस

हात घालतो. पुतेओलीला समुद्रकाठी निवृत्त झाला, आठवणींची बावीस पुस्तकं लिहिली, शिकार, मासेमारी, नटनट्यांच्या मैफिली. छान. मरणाच्या आदल्या दिवशी काय केलं? ग्रेनियस म्हणून तिथला एक अधिकारी, सरकारी देणं द्यायला चालढकल करत होता, सुल्ला आता मरतोच आहे या हिशोबाने. निवृत्त सुल्लाने त्याला आपल्या खोलीत बोलावून घेतलं आणि नोकरांकरवी गळा आवळून मारलं. पद नाही, अधिकार नाही, खटला नाही. ज्या खुनाच्या कायद्याचं तुम्ही सहाशे वर्षांचं आयुष्य सांगितलंत, त्या कायद्याचा बाप.

अंगरक्षकांशिवाय फिरला म्हणता. अंगरक्षक इटलीभर पेरून ठेवले होते, इतिहासकार ॲपियनच्या हिशोबाने एक लाख वीस हजार. रोममध्ये यादीतल्यांचे मुक्त केलेले दहा हजार गुलाम, सगळ्यांचं आडनाव कॉर्नेलियस. खुर्ची सोडली, घर रिकामं केलं नाही.

रोमराज्य

ग्रेनियसची गोष्ट प्लुटार्कची, पावणेदोनशे-दोनशे वर्षांनंतरची. सोयीचा असेल तेव्हा प्लुटार्क पुरावा, नसेल तेव्हा दंतकथा, असं चालतं का?

तिरकस

मेटेलसची गोष्ट कुणाची होती? वर तुम्हीच दिलीत.

रोमराज्य

बरं, ते सोडा. फौजेचा रस्ता त्याने दाखवला हे मी लेखात घ्यायला हवं होतं असं तुमचं म्हणणं असेल तर पुढच्या भागात एक परिच्छेद टाकतो, तुमच्या समाधानासाठी. न्यायालयांचं तुम्ही अजून कबूल केलेलं नाही.

तिरकस

न्यायालयं चांगली केली. घ्या. लिहून दिलं. फक्त ज्युरीत एकटे सिनेटर बसवले, म्हणजे प्रांतात खंडणी खाऊन आलेल्याचा न्याय उद्या प्रांतात जाणारा करणार. वेरेससारखा सुभेदार सिसिली धुऊन खातो आणि निवांत असतो तो त्याच जोरावर. सत्तर साली ज्युरी सिनेटर आणि आणखी दोन वर्गांत वाटावी लागली, तेव्हा कुठे.

नाना_निवृत्त

तुमचं काही असो, जे रीतसर पायऱ्या चढून कॉन्सल झाले त्यांचं नाव कुणी घेत नाही. सगळे पाँपी आणि सीझर. नियमाने वागणाऱ्याला इतिहासात जागा नाही, खात्यातही नव्हती.

तिरकस

नाना, घेतो नाव. डोलाबेला. ८१ चा कॉन्सल, सुल्लाच्या व्यवस्थेतला अगदी रीतसर. नंतर मॅसेडोनियाचा सुभेदार. ७७ मध्ये खंडणीचा खटला झाला, फिर्यादी बाजूने कोवळा सीझर. प्रांतातून साक्षीदार आले. ज्युरी सिनेटरांची.

नाना_निवृत्त

मग?

तिरकस

निर्दोष.

नाना_निवृत्त

पुराव्याअभावी असेल. विभागीय चौकशी तरी लावली होती का?